भिंतीवरची साडेसहा

मित्रांनो, स्वीडनमधल्या स्टूरमीर गावाच्या शिकारखोलीत, कॉफीच्या किटलीच्या बरोबर वर, म्हाताऱ्या आल्गोतच्या फोटोखाली एक रायफल टांगलेली दिसेल. खुंट्या कमी पडल्या की लोक तिच्या नळीला टोप्या अडकवतात. ती रायफल म्हणजे मी. आत्ता या घडीला माझ्यावर दोन टोप्या आणि एक ओला मोजा आहे. मोजा कोणाचा ते मला ठाऊक आहे, पण सांगणार कशी? आम्हा बंदुकांना तोंड असतं, पण ते बोललं की कोणाचा तरी जीव जातो. आणि माझं तर तेही आता बुजवलेलं आहे. ते कसं बुजलं, त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म स्वीडनच्या दक्षिणेकडे सैन्याच्या एका कारखान्यात झाला. पण देशाला लढाईला जावंच लागलं नाही, त्यामुळे मी चाळीस वर्षं अंगभर ग्रीस फासून लाकडी पेटीत पडून राहिले. एकही माणूस न मारता मी सैन्यातून निवृत्त झाले, आणि याची मला मुळीच लाज वाटत नाही. मग सैन्याने जुना माल विकायला काढला तेव्हा इथल्या आल्गोत नावाच्या लाकूडतोड्याने मला घेतलं.

आल्गोत अंगाने लहानखुरा होता. सैन्याचा लांबलचक दस्ता त्याला काखेत टोचायचा. तालुक्याच्या गावी सिक्स्टेन नावाचा बंदूक-कारागीर नुकताच दुकान थाटून बसला होता. त्याने आल्गोतचा हात कोपरापासून बोटापर्यंत मापला, शिंपी मापतो तसा, आणि बर्चच्या लाकडाचा नवा दस्ता मला बसवला. त्या दिवशी मी सैन्याची राहिले नाही, आल्गोतची झाले.

माझी गोळी साडेसहा मिलिमीटरची, म्हणून गावात माझं नावच साडेसहा पडलं. गोळी बारीक आणि लांब, तिच्यामागे दारू बेताची, आणि माझं स्वतःचं वजन चांगलं दणकट. त्यामुळे चाप ओढला की खांद्याला बसणारा धक्का म्हणजे करडाने ढुशी द्यावी तेवढाच. इथे शिकार होते ती मूसची. मूस म्हणजे घोड्यापेक्षाही उंच, पावड्यासारख्या शिंगांचं हरीण. एवढं थोरलं जनावर, आणि मी एवढीशी, म्हणून सुरुवातीला लोक हसले. पण आल्गोत म्हणायचा, मूस दणक्याने मरत नाही, जागेवर लागलेल्या गोळीने मरतो. त्याचं दुसरंही एक म्हणणं होतं, आणि ते गावात सगळ्यांना पाठ होतं: "आपण आलो होतो हे जनावराला कळताच कामा नये." माझ्या हातून, म्हणजे खरं तर आल्गोतच्या हातून, एक्केचाळीस मूस गेले. एकालाही काही कळलं नाही.

आल्गोत गेल्यावर मी त्याच्या मुलीकडे आले. योर्डिस तिचं नाव. गावचं टपाल वाटायचं काम करायची. बापाचीच चण, बापाचाच हात, त्यामुळे दस्ता तिला जसाच्या तसा बसला. दलदलीच्या कडेला एक मोठा दगड आहे. तिथे बसण्याचा मान आल्गोतचा होता, तो आता तिच्याकडे आला. शिकारीचा मोसम सप्टेंबरात असतो; असे बावीस वर्षांचे बावीस सप्टेंबर आम्ही दोघींनी त्या दगडावर काढले. तिने आयुष्यात एकही जनावर जखमी करून सोडलं नव्हतं, आणि हीच तिची सगळ्यात मोठी दौलत होती. ती कधी बोलून दाखवायची नाही. पण शिकारीच्या आदल्या दिवशी मला पुसताना तिचा हात जरा जास्त वेळ फिरायचा, त्यावरून मला कळायचं.

मग एका फेब्रुवारीत टपाल वाटताना ती बर्फावर घसरली आणि उजव्या खांद्यावर पडली. खांद्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरने हात वर करून दाखवायला सांगितलं, तिने दाखवला. दुखतं का विचारलं, ती म्हणाली, ठीक आहे. मित्रांनो, आमच्या या भागात 'ठीक आहे' या दोन शब्दांत सगळं मावतं. घर जळालं तरी ठीक आहे, दात उपटला तरी ठीक आहे. दुखतंय म्हणणारा माणूस इथे कमी प्रतीचा समजला जातो. मी ऐंशी वर्षं या देशात आहे, पण ही खोड मला कधी उमगली नाही.

मे महिन्यात ती मला घेऊन सिक्स्टेनकडे गेली. तो आता म्हातारा झाला होता. पण माझा दस्ता त्याने हातात घेतल्याबरोबर ओळखला. खांदा आता असा आहे, तर कोणती रायफल आणि कोणतं काडतूस घेऊ, असं तिने विचारलं. सिक्स्टेनने तिला बाकावर बसवून नीट समजावलं. गोळी जितकी जड, दारू जितकी जास्त आणि बंदूक जितकी हलकी, तितका धक्का मोठा. या तिन्ही गोष्टी साडेसहात आधीच बेताच्या आहेत. दस्त्याला मागून मऊ रबराची गादी लावू, बोटभर लाकूड कापू, आणि गोळी थोडी आणखी हलकी घेऊ. बास, झालं काम.

"पोरी, धक्का खांद्याला एकदाच बसतो," तो म्हणाला, "पण त्याची भीती एकदा मनात बसली की ती प्रत्येक गोळीच्या आधी येते. चाप ओढायच्या आधी डोळा मिटतो, आणि नळी खाली जाते. मग किती का मोठी गोळी असेना."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! घरी परत येताना गाडीच्या मागच्या सीटवर मी अगदी निश्चिंत पडले होते.

पण पुढच्याच रविवारी शिकार मंडळाची बैठक झाली, आणि ती योर्डिसच्याच स्वयंपाकघरात. तिथे मी टेबलावर होते. मंडळाचा प्रमुख एव्हर्ट होता, मोजकं बोलणारा, सरळ माणूस. मायवोर होती, ती योर्डिसची मैत्रीण आणि मंडळाचा स्वयंपाक सांभाळणारी. आणि केनेट होता, योर्डिसचा मामेभाऊ. सहा फूट चार इंच, लाकडाचे ट्रक चालवणारा. त्याच्याकडे नऊ-तीन होती, म्हणजे नऊ पूर्णांक तीन मिलिमीटर गोळीची रायफल. तिची गोळी माझ्या जवळजवळ दुप्पट जड आणि धक्का दुपटीहूनही जास्त. त्या वसंतात दलदलीपलीकडे अस्वलाचा माग दिसला होता, त्यामुळे केनेटला चेव चढला होता.

इथल्या रिवाजाप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे बुडवत त्याने मला एका बोटाने जरा बाजूला सारलं. "अगं योर्डिस, हिने चिमण्या उडव," तो म्हणाला. "अस्वल समोर आलं तर ते काय या गोळीने दात कोरेल?"

सगळे हसले. योर्डिसही हसली. मग केनेट जरा नरमाईने म्हणाला, की खांद्याचं काही असेल तर तसं सांग, तुझा दगड यंदा दुसऱ्या कोणाला देऊ, तू मायवोरबरोबर शिकारखोलीत थांब. तो चांगल्या मनानेच बोलला होता. पण तो शब्द तिला कुठे जाऊन लागला ते मी पाहिलं, कारण तिने तेव्हा हात माझ्या दस्त्यावर ठेवला होता आणि तो हात ताठ झाला.

"खांदा ठीक आहे," ती म्हणाली. "मी पण नऊ-तीनच घेणार होते."

नव्हती घेणार, मित्रांनो. चार दिवसांपूर्वीच दुसरं ठरलं होतं, मी साक्षीला होते. पण साक्षीदार मुका असला की खटला बुडतो.

इथला कायदा असा आहे की एका माणसाच्या कपाटात शिकारीच्या सहाच बंदुका असाव्यात. योर्डिसच्या कपाटात तीन बापाच्या होत्या आणि तीन वारलेल्या नवऱ्याच्या. सातवी आणायची तर एक जायला हवी. नवऱ्याच्या बंदुकांना हात लावायला तिचं मन होईना. बापाच्या दोन पक्ष्यांसाठी होत्या. राहिले मी. मला परक्याला विकायचं म्हटलं तर तिला रडू यायला लागलं. मग तिला एक कल्पना सुचली, आणि ती तिला फार सुंदर वाटली. नळी बुजवून घेतली की मी बंदूक राहणार नव्हते, त्यामुळे परवानाही लागणार नव्हता. मग मला शिकारखोलीत बाबांच्या फोटोखाली मानाने लावता येईल, सगळ्यांसमोर.

प्रेमाने केलेला घात चुकवता येत नाही, कारण करणाऱ्याच्या हातात सुरी नसते, हार असतो.

ते काम सिक्स्टेनच्याच वाट्याला आलं. त्याने तिला दोनदा विचारलं. पहिल्यांदा नीट विचारलं, दुसऱ्यांदा जरा रागाने. ती दोन्ही वेळा हो म्हणाली. मग ती बाहेर गाडीत जाऊन बसली. सिक्स्टेनने माझ्या नळीत पोलादाची कांडी ठोकली, ती जाळ लावून जोडली, आणि खटकाही जागच्या जागी पक्का करून टाकला. काम झाल्यावर त्याने चष्मा काढून पुसला. "म्हातारे, माफ कर," एवढंच तो मला म्हणाला. दस्ता मात्र त्याने घासून-पुसून नव्यासारखा करून दिला.

त्यानंतर मी इथे, या भिंतीवर. समोरच्या खिडकीतून नेमबाजीचं मैदान दिसतं. ऑगस्टमध्ये सगळ्यांना तिथे परीक्षा द्यावी लागते. रुळावरून लाकडी मूस पळतो आणि त्याच्या छातीत गोळी बसवायची असते. योर्डिस नवी नऊ-तीन घेऊन उभी राहिली. पहिल्या गोळीला तिचा सगळा देह मागे हलला, पण गोळी बरोबर लागली. दुसरीही लागली. तिसऱ्या वेळी तिने चाप ओढला आणि नुसता 'टिक' असा आवाज आला. काडतूस फुसकं निघालं होतं. पण त्या 'टिक'च्या आधीच तिचे डोळे गच्च मिटले होते, आणि आवाज नाही, धक्का नाही, तरी नळीचं टोक वीतभर खाली गेलं.

हे मी पाहिलं. एव्हर्टने पाहिलं. मायवोर कॉफी घेऊन उभी होती, तिने पाहिलं. तिथे सात जण होते आणि सातही जणांनी पाहिलं. सिक्स्टेनने सांगितलेलीच गोष्ट होती ती, आणि शिकारी माणसाला त्याचा अर्थ कळायला शाळेत जावं लागत नाही. एव्हर्टने कपातल्या कॉफीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दुसरं काडतूस घाल." तिने घातलं, दात खाऊन मारलं, आणि पास झाली.

आणखी एक गोष्ट त्या दिवशी मी पाहिली, जी बाकी कोणी पाहिली नाही, कारण केनेटची पाळी आली तेव्हा सगळे माना वळवून सॉसेज खात होते. केनेटही डोळे मिटत होता. प्रत्येक गोळीला. त्याची एक गोळी लाकडी मूसच्या पोटापाशी लागली, तर म्हणाला वारा होता. खिडकीबाहेरच्या बर्चचं एक पान हलत नव्हतं.

परीक्षेनंतर बायका वाफेच्या खोलीत आंघोळीला गेल्या. तिथे मायवोरने योर्डिसचा खांदा पाहिला. तो निळा-काळा पडला होता, कोपरापर्यंत. हे मला नंतर मायवोरच्याच तोंडून कळलं. ती एकटी भांडी घासताना स्वतःशी बोलते. तिने योर्डिसला विचारलं होतं, आणि योर्डिसने उत्तर दिलं होतं, ठीक आहे. मायवोरने पुढे विचारलं नाही. इथे दोनदा विचारणं म्हणजे आगाऊपणा.

सप्टेंबरचा पहिला सोमवार उजाडला. मूसचा मोसम त्या दिवशी सुरू होतो. शाळेत मुलं नसतात आणि दुकानात दूध नसतं, सगळा गाव रानात असतो. खोलीत मी, मायवोर आणि टेबलावर ठेवलेला रेडिओ, एवढेच होतो. मायवोर बटाटे सोलत होती. रेडिओतून अधूनमधून एव्हर्टचा आवाज यायचा, कुत्री कुठे आहे, कोण कुठे बसलंय. नऊच्या सुमारास त्याने सांगितलं, की मादी आणि पिल्लू दलदलीच्या कडेने आल्गोतच्या दगडाकडे येतायत.

इथला नियम असा आहे की मादीबरोबर पिल्लू असेल तर आधी पिल्लू मारायचं. आई नसलेलं पिल्लू हिवाळ्यात झुरून मरतं, म्हणून. ऐकायला क्रूर वाटेल, पण तो दयेचाच नियम आहे. अट एकच, की पिल्लाला काही कळता कामा नये.

दगडाचं नाव ऐकलं आणि मला सगळं दिसायला लागलं. ती कशी बसली असेल, डावं कोपर गुडघ्यावर, गाल दस्त्याला. बावीस वर्षं तो गाल माझ्या लाकडाला लागला होता. मी इथे खिळ्यावर. ओरडता येईना, पडता येईना. पडले असते तर निदान मायवोर दचकली असती, तिने रेडिओ उचलला असता, काहीतरी झालं असतं. पण सिक्स्टेनच्या पुतण्याने ते दोन खिळे फार छान ठोकले आहेत.

धाड! लांबून आवाज आला. नऊ-तीनचा आवाज जड असतो.  मायवोरच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

"योर्डिस?" एव्हर्टने विचारलं.

"मागच्या पायाला," योर्डिसचा आवाज आला. "एव्हर्ट, मी त्याच्या मागच्या पायाला मारलं. ते गेलं. दोघंही गेली."

माझ्या माहितीत ती रेडिओवर इतकं लांब कधीच बोलली नव्हती.

इथल्या रीतीप्रमाणे शिकार तिथेच थांबली. एव्हर्टने रास्का या आपल्या कुत्रीला मागावर सोडलं. दिवसभर रेडिओवर तेवढंच चालू होतं. ओढा ओलांडला. रक्त कमी झालं. माग चुकला. माग सापडला. मायवोरचं जेवण तसंच गार झालं, कोणी परत आलं नाही. अंधार पडल्यावर माग थांबवावा लागला. ती रात्र त्या पिल्लाने पायावर गोळी घेऊन दलदलीत काढली, आणि ती रात्र मी काढली, आणि योर्डिसने कशी काढली असेल ते मला सांगता येणार नाही.

मंगळवारी सकाळी रास्काने ते शोधलं. ते आडवं पडलं होतं, जिवंत होतं, आणि मादी त्याच्या शेजारी उभी होती. योर्डिसने पुढे व्हायला बघितलं, पण एव्हर्टने तिला मागे राहायला सांगितलं आणि काम स्वतः संपवलं.

दुपारी इथे खोलीतच मांस वाटलं गेलं. आमच्याकडे मांसाचे सारखे ढीग लावतात. एक माणूस पाठ करून उभा राहतो, दुसरा ढिगावर बोट ठेवून 'हा कोणाचा' विचारतो, आणि पाठमोरा नाव घेतो, म्हणजे कोणावर अन्याय नको. एव्हर्ट पाठमोरा होता. त्याने योर्डिसचं नाव घेतलं तेव्हा ती म्हणाली की मला वाटा नको. 

"ऑगस्टमध्ये नळी खाली गेलेली मी पाहिली होती," एव्हर्ट भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला. "मीच बोललो नाही. मग मलाही वाटा नको."

 मायवोर तिथेच खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली.

सगळे गेल्यावर योर्डिस एकटी परत आत आली. माझ्यावरच्या टोप्या तिने काढून नीट बाकावर ठेवल्या आणि मला खाली उतरवलं. दस्ता खांद्याला लावला, गाल लाकडाला टेकवला. मी अगदी बरोबर बसले, जिथे बसायला हवं होतं तिथेच, त्या दुखऱ्या खांद्याच्या खळग्यात, बापाच्या मापाची आणि तिच्या मापाची. तिने खिडकीतून मैदानातल्या लाकडी मूसवर नेम धरला. नळी तसूभर हलली नाही. डोळा उघडा होता. मग तिने चाप ओढला, आणि काहीच झालं नाही. साधं 'टिक'सुद्धा नाही.

"बाबा, चुकलं," ती म्हणाली. मला म्हणाली की फोटोला, कोण जाणे.

हे घडून एक वर्ष झालं. नऊ-तीन तिने विकून टाकली. आपला दगड तिने आपण होऊन सोडला, आणि या सप्टेंबरात ती इथे माझ्याखाली बसून रेडिओ सांभाळत होती. सिक्स्टेन सारखा म्हणतो की दुसरी साडेसहा मी बघून ठेवलीय, अर्ज कर. ती म्हणते, पुढच्या वर्षी बघू. तिची ती दौलत गेली ती गेलीच. नवी बंदूक मिळेल, पण एकही जनावर जखमी न सोडलेले ते बावीस सप्टेंबर परत कसे मिळणार? आणि मी असून नसल्यासारखी.

तरी एक गोष्ट झाली, ती सांगते आणि थांबते. यंदाच्या ऑगस्टमध्ये परीक्षेच्या आधी केनेट कॉफी प्यायला आत आला. योर्डिसने त्याला कप दिला आणि शेजारी बसून सहज विचारलं, "केनेट, तुझा खांदा दुखतो का रे?"

तो म्हणाला, "ठीक आहे."

तिने पुन्हा विचारलं. मित्रांनो, या गावात दोनदा विचारलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सहा फूट चार इंचांच्या त्या माणसाने कप खाली ठेवला.

"दुखतो," तो म्हणाला. "पंधरा वर्षं झाली."

त्या दिवशी तो मैदानावर गेलाच नाही, थेट सिक्स्टेनकडे गेला. परीक्षा त्याने आठ दिवसांनी नव्या साडेसहाने दिली. त्याच्या हातातली ती चिमण्या उडवायची रायफल आता आल्गोतच्या दगडावर बसते. तिचा आवाज मला इथे ऐकू येतो, आणि तो आला की योर्डिस हातातलं काम थांबवते.

म्हणून, मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला पुसलं नाहीत तरी चालेल, माझ्यावर ओले मोजे वाळवलेत तरी चालेल. पण बंदूक असो, दप्तर असो की घरचं काम असो, आपल्या खांद्याला सोसेल तेवढंच घ्या, आणि दुसऱ्याच्या खांद्यालाही दोनदा विचारा. आणि कोणी विचारलं, तर दुखतंय ते दुखतंय म्हणा. माझं तोंड पोलादाने बुजवलंय. तुमचं तर उघडं आहे ना?